मासेमारीबंदी पाळूनही पापलेट लहान का होतंय?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "दरवर्षी १ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते. त्या दिवसांत इथे पापलेट मिळत नाही, आणि मिळालं तर दर ऐकूनच परतावं लागतं. एवढं सोसूनही वर्षागणिक पापलेट लहानच होत चाललंय. मग ही बंदी नेमकी कशासाठी? त्यापेक्षा सरकारने ५ वर्षं सगळी मासेमारीच का थांबवू नये? आणि समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आम्ही यात काय करायचं?"

मी मत्स्यव्यवसाय विभागात नोकरी केली, त्यातली बरीचशी पालघर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. परवाने देणं, गस्तीवर जाणं, दंडाची प्रकरणं चालवणं हेच काम. निवृत्तीनंतर नागपुरात राहते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: बंदी हवी, ती राहिलीच पाहिजे. पण पापलेट वाचतं की संपतं हे त्या दोन महिन्यांत ठरत नाही. ते उरलेल्या दहा महिन्यांत, जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, किती मोठा आहे आणि बंदरात उतरलेली मासळी कोणी तपासतो का, यावर ठरतं. आपल्याकडे तारखांचा नियम कडक आहे, आकाराचा नियम कागदावर आहे.

आधी बंदीबद्दल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हेच ६१ दिवस १५ एप्रिल ते १४ जून असतात. नागपूर दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध. इथे मुंबईकडून मासळी येते तशी विशाखापट्टणम आणि चेन्नईकडूनही येते. त्यामुळे १ ते १४ जून हा पंधरवडा आपल्यासाठी सगळ्यात टंचाईचा, कारण तेव्हा दोन्ही किनारे एकदम बंद असतात. त्या दिवसांत इथल्या भोईपुऱ्याच्या मासळीबाजारात दिसणारं पापलेट बहुतेक शीतगृहातलंच असतं. ते ताजं म्हणून विकलं जात असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात बऱ्याच जातींची वीण होते. नद्यांचं पाणी खाडीत आणि किनाऱ्यालगत अन्न घेऊन येतं, पिल्लं तिथेच वाढतात. शिवाय खवळलेल्या समुद्रात नौका गेली नाही तर माणसंही वाचतात. हे सगळं खरं. पण सगळ्या मासळीची वीण एकाच वेळी होत नाही. बोंबील जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. पापलेटची पिल्लं तर मोठ्या संख्येने सापडतात ती बंदीच्या आधीच्या महिन्यांत, फेब्रुवारी ते मे दरम्यान, पालघर आणि वसईच्या बाजूला. म्हणजे जूनमध्ये दार लावायचं, आणि आत वाढायला हवं होतं ते एप्रिलमध्येच बाहेर काढून विकलेलं असायचं. बंदी असूनही मासा लहान का, याचं मोठं कारण हे.

ही पिल्लं पकडतं कोण? इथे सोपं उत्तर देऊन एका बाजूवर खापर फोडायचा मोह होतो, तो मी टाळते. उत्तर कोकणात डोल जाळं पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून ते पाण्यात उभं करतात आणि प्रवाहाबरोबर येणारं जे असेल ते आत जातं. बोंबील, जवळा, करंदी यांच्यासाठी ते योग्यच आहे, पण त्याचा शेवटचा भाग इतका बारीक विणलेला असतो की पापलेटचं पिल्लू त्यातून सुटत नाही. दुसरीकडे ट्रॉलर. तो तळावरून जाळं ओढत नेतो, आणि मासळी जमा होते ती जाळ्याच्या शेपटाकडच्या भागात. त्या भागाचा आस नेहमीच्या विणीचा, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल, तर ओढ बसली की तो मिटतो. आस कागदावर कितीही मोठा असला तरी पाण्यात तो बंदच होतो. म्हणून चौकोनी आसाचा आग्रह आहे. चौकोनी विणीत ओढ सरळ दोऱ्यांवर येते, भोक उघडं राहतं आणि लहान मासा निसटतो. महाराष्ट्राने ट्रॉलच्या शेपटाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस बंधनकारक केला त्यामागे हे साधं यंत्रशास्त्र आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने त्यावर पुष्कळ काम केलं आहे.

हा नियम मोडणं फार सोपं आहे, हे मात्र मी जवळून पाहिलं. चौकोनी आसाचं शेपूट नौकेवर असतं. ते तपासणीच्या वेळी दाखवायचं आणि समुद्रात गेल्यावर बारीक आसाचं लावायचं. किंवा एकाच्या आत दुसरं चढवायचं. गस्ती नौकेवरून हे दिसत नाही, जाळं पाण्यात असतं. तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, मी दोष देत नाही असं नाही, पण त्याचा हिशेबही समजून घ्यायला हवा. डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार यांचा खर्च निघाला नाही तर नौका किनाऱ्यावरच राहते, आणि लहान मासळीलाही गिऱ्हाईक आहे. जे माणूस खात नाही ते फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यात जातं. तिथून ते कोंबडीखाद्यात आणि कोळंबीखाद्यात येतं. पिल्लू मासळीला एक रुपया जरी मिळत असेल तरी ती पकडली जाणारच.

म्हणून आकाराचा नियम महत्त्वाचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. आधी दंडाची प्रकरणं तहसीलदारांपुढे चालत. त्यांच्यापाशी महसुलाचीच कामं इतकी असत की निकाल लागेपर्यंत पुढचा हंगाम उजाडायचा. दुरुस्तीनंतर ते अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे आले आणि दंडही वाढला. एलईडी दिवे लावून किंवा बुल ट्रॉलिंगने, म्हणजे दोन नौकांनी मिळून एकच जाळं ओढून, मासेमारी केली तर ५ ते २० लाख रुपये. ठरलेल्या आकारापेक्षा लहान मासळी पकडली तर १ ते ५ लाख रुपये. पण कोणत्या माशाचा आकार किती, ही यादीच तेव्हा नव्हती. ५४ जातींचे किमान आकार राज्याने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून २०२३ मध्ये जाहीर केले. केरळने हे काम २०१५ मध्येच सुरू केलं होतं. त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आलं. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांची ती जुनी मागणी होती. लहान पापलेट पकडू नका हे सांगण्यात तिथले लोक सरकारच्या पुढे होते, हे मुद्दाम नोंदवते, कारण मच्छीमार म्हणजे समुद्र लुटणारा अशी एक समजूत शहरात पसरलेली असते.

किमान आकाराबद्दल एक सावधगिरी. कायद्यातला आकार आणि मादी पहिल्यांदा अंडी घालते तो आकार नेहमी एकच नसतो. कायद्याचा आकार पुष्कळदा लहान ठेवला जातो, कारण एकाच जाळ्यात अनेक जाती सापडतात आणि फार कडक आकडा ठेवला तर नियम पाळणंच अशक्य होतं. ही तडजोड मला मान्य आहे, पण ती पहिली पायरी म्हणून. काही वर्षांनी पापलेटचा आकडा वाढवावा लागेल.

आता पर्ससीन आणि एलईडी. नागपुरात दर डिसेंबरला अधिवेशन भरलं की कोकणातले आमदार यावर बोलतात आणि इथल्या वर्तमानपत्रांत हे शब्द दिसतात. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढा घालून जाळ्याचं तोंड खालून दोरीने आवळायचं. बांगडा, तारली अशी थव्याने फिरणारी मासळी यात टनावारी सापडते. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या कुटुंबांना मात्र त्यानंतर रिकामं जाळं ओढावं लागतं. एका रापणीवर अख्खी वाडी जगते आणि पर्ससीनचा एक फेरा तिचा हंगाम घेऊन जातो. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं. एलईडी त्याहून वाईट. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावले की मासळी आपणहून गोळा होते, मोठी, लहान, अंडी भरलेली, सगळी. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला यावर देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, बंदी घातली. कोणत्याही आकाराचा नियम जिथे लागूच पडू शकत नाही अशी ही पद्धत आहे. तिला कुठलीही सवलत देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मग हे थांबत का नाही? इथे हद्दीचा प्रश्न येतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा राज्याचा विषय आहे, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचे. तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचे. मासा ही रेषा पाळत नाही आणि नौकाही पाळत नाही. पकडलेली प्रत्येक पर्ससीन नौका सांगते, "आम्ही १२ मैलांच्या बाहेर होतो." रात्री, उसळत्या पाण्यात, ते खोटं ठरवायला पुरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात, १२ मैलांबाहेर पर्ससीनला अंतरिम परवानगी दिली. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ याच वेळेत, आणि नौकेवर माग काढणारं यंत्र असण्याच्या अटीवर. त्या अटी मला शहाणपणाच्या वाटतात, कारण त्या समुद्रात नव्हे तर निघताना आणि परतताना तपासता येतात.

माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे. समुद्रावर पाठलाग करून नियमन होत नाही. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा धरला जातो. गस्ती नौका मोजक्या, त्याही बऱ्याचदा भाड्याच्या. त्या निघाल्या की बंदरावरून फोन जातो आणि आम्ही पोहोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन आले, त्याने फरक पडेल, विशेषतः परराज्यातल्या नौकांच्या बाबतीत. पण कुठेही मासे पकडले तरी नौकेला परत बंदरात यावंच लागतं. तिला बर्फ लागतो, डिझेल लागतं, लिलाव लागतो. १२ मैलांच्या आतून पकडलं की बाहेरून, हे बंदरात विचारायची गरजच नाही. टोपलीत मासा किती लांबीचा आहे आणि नौकेवर जाळं कोणत्या आसाचं आहे, एवढं बघितलं तरी पुरे. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा जो परतावा मिळतो, तो थांबवणं हे विभागाच्या हातातलं फार मोठं साधन आहे. दंडाचं प्रकरण वर्षभर चालतं, परतावा थांबला की मालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात येतो. ते साधन आपण पुरेसं वापरलं नाही. लिलावाच्या धक्क्यावर रोज पहाटे एक माणूस मोजपट्टी घेऊन उभा असेल, तर बारीक आसाचं शेपूट लावण्यात अर्थ उरत नाही. अशा माणसांची पदं मात्र भरली जात नाहीत, आणि भरली तर त्यांना कागदी कामाला बसवलं जातं.

तुम्ही मासळीबद्दल विचारलंत, पण जी मासळी खाण्यासाठी नाहीच तिच्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिचा नागपूरशी सरळ संबंध आहे. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्री कासवं, डॉल्फिन, समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. व्हेल शार्कला ते संरक्षण २००१ मध्ये मिळालं. आणि राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात ते नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. वाघाच्या फायली जिथे हलतात तिथेच समुद्री कासवाच्याही हलतात. मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा आणि कासव वन विभागाचं, अशी वाटणी कागदावर आहे. जाळ्यात मात्र दोन्ही एकत्रच येतात.

व्हेल शार्क जाळ्यात अडकला की मच्छीमारापुढे दोनच वाटा असतात. जाळं कापून त्याला सोडायचं, म्हणजे हजारो रुपयांचं नुकसान. किंवा जाळं वाचवायचं, म्हणजे तो मेला. तुरुंगाच्या धाकाने कोणी जाळं कापत नाही, खोल समुद्रात बघतंय कोण? महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये याला चांगलं उत्तर शोधलं. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं, आणि त्याचं छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवली, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. ज्या हातात पूर्वी फक्त दंडाची पावती पडायची त्या हातात पैसे पडू लागले, तसं तांडेल स्वतःहून मोबाइलवर चित्रीकरण करून पाठवू लागले. गुजरातमध्ये व्हेल शार्कची शिकार थांबली ती कथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिल्यावर, आणि भरपाईची जोड मिळाल्यावर. नियमनाच्या बाबतीत इतकी खात्रीची गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

कासवांचं तसं नाही. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये कासव अडकलं की श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. त्यावर कासव बाहेर काढणारी जाळीची झडप आहे, ती बसवली नाही तर दुरुस्त कायद्यात दंडही आहे. पण झडपेतून थोडी मासळी निसटते म्हणून मच्छीमार ती लावायला नाखूश असतात. त्याची किंमत सगळ्या देशाने मोजली. अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. एका झडपेच्या बचतीपायी एवढी मोठी बाजारपेठ गेली.

आता ५ वर्षांची सरसकट बंदी. नको, आणि याचं कारण फक्त दया नाही. सध्याच्या बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबाला मिळणारी बचत-नि-मदत योजना बघा. मच्छीमाराचे १,५०० आणि सरकारचे ३,०००, असे ४,५०० रुपये, तेही तीन महिन्यांसाठी. ५ वर्षं हे कुटुंब कशावर जगेल? आणि आपल्या नौका किनाऱ्याला बांधल्या तर ते पाणी परराज्यातल्या नौकांना मोकळं होईल. आपल्याच मच्छीमारांच्या डोळ्यांमुळे निम्म्या तक्रारी आमच्यापर्यंत येत. ते समुद्रावर नसतील तर पाहणारंच कोणी उरणार नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं. स्थानिकांना न विचारता ते जाहीर झाल्याची भावना तिथे इतकी खोल गेली की पुढची कितीतरी वर्षं साध्या बैठकीलाही लोक येत नसत.

विदर्भातल्या वाचकाला हे पेंचवरून कळेल. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मध्य प्रदेशच्या बाजूने ३०५ आदिवासी कुटुंबांना दिलेले मासेमारीचे परवाने १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. राष्ट्रीय उद्यान असूनही न्यायालयाने ते सरसकट रद्द केले नाहीत. छायाचित्र असलेलं ओळखपत्र, ठरलेलाच रस्ता, बेटांवर थांबायचं नाही, आग पेटवायची नाही, अशा अटी घातल्या आणि देखरेख करायला सांगितलं. माणूस मोजता येईल आणि ओळखता येईल असा नियम, हीच दिशा मला समुद्रासाठी बरोबर वाटते.

नागपूरकराने काय करावं, हे शेवटी. तुम्ही पापलेट घेता तेव्हा तळहाताएवढं "स्वस्तात मिळतंय" म्हणून घेऊ नका. वजनाप्रमाणे प्रतवारी होते आणि मोठ्या पापलेटला किलोमागे कितीतरी जास्त भाव मिळतो, म्हणून लहान पकडणाऱ्याचंही त्यात नुकसानच असतं. पण हा एकट्या गिऱ्हाइकाच्या सद्‌भावनेवर सोडण्याचा विषय नाही. ५४ जातींची आकारयादी बंदराला लागू आहे, ती भोईपुऱ्यालाही लागू व्हायला हवी. लहान पापलेट सातपाटीत पकडलं तर १ लाखाचा दंड आणि नागपुरात उघड्यावर विकलं तर काहीच नाही, याला अर्थ नाही. इथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय शहरातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा ठोक बाजारात जाऊन मोजपट्टीने नोंदी ठेवल्या, तर कोणत्या महिन्यात कोणत्या किनाऱ्यावरून किती लहान मासळी येते हे वर्षभरात कळेल. या नोंदी बंदरावरच्या माणसाला मिळत नाहीत, कारण त्याला फक्त त्याचं बंदर दिसतं. इथे दोन्ही किनाऱ्यांची मासळी एका बाजारात येते. आणि डिसेंबरमध्ये आमदार इथे येतात तेव्हा त्यांना दंडाची रक्कम वाढवा असं सांगू नका, ती पुरेशी आहे. लिलावाच्या धक्क्यांवर मासळी मोजणाऱ्यांची किती पदं मंजूर आहेत आणि त्यातली किती भरली, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारायला लावा.